लाईट गेली की रेंज जाते: सत्तरीच्या बचावपथकांच्या वायरलेस जाळ्यासाठी आवाहन

सत्तरी तालुक्यातल्या सर्व गावकऱ्यांना, आणि नोकरीधंद्यासाठी पणजी, म्हापसा, मडगावला किंवा त्याहून लांब गेलेल्या आपल्या माणसांना सप्रेम नमस्कार.

23 जुलै 2021 ची सकाळ आपल्यापैकी कोणी विसरलं नसेल. म्हादई नदी रात्रीतच चढली. पैकुळचा पूल गेला, पोफळीच्या कुळागरांत पाणी शिरलं, मातीच्या भिंती बसल्या. त्या सकाळी मी रस्त्याच्या अशा टोकाला उभा होतो की पुढे गढूळ पाण्याशिवाय काही दिसत नव्हतं. शेजारी अग्निशमन दलाचा एक जवान होता, त्याच्या खांद्यावर दोर आणि माझ्या हातात बंद पडलेला फोन. लाईट आदल्या संध्याकाळीच गेली होती. टॉवरच्या बॅटऱ्यांनी मध्यरात्रीपर्यंत तग धरला, मग रेंजही गेली. पलीकडच्या वाड्यावरून एक मुलगा कुंपणं चढत-उतरत, पाण्याच्या कडेकडेने पाऊण तासाने आमच्यापर्यंत आला. निरोप एवढाच, की आजी माळ्यावर अडकली आहे. दोरवाले तिकडे धावले. पोचल्यावर कळलं की शेजाऱ्यांनी आजीला अर्ध्या तासापूर्वीच खांद्यावर घालून बाहेर काढलं होतं. आणि तेवढा वेळ वरच्या वाड्यावर एक आई दोन लहान मुलांना धरून पत्र्यांवर बसून होती. तिच्याबद्दल आमच्यापर्यंत कोणाचाच निरोप आला नव्हता. ती तिघं वाचली, कारण पाऊस थोडा ओसरला. त्यात आमचं श्रेय काही नाही, आणि ही गोष्ट मला अजून टोचते.

त्या दिवशी दोर होते, होड्या होत्या, धावणारी पोरं तर कमी नव्हतीच. कोण कुठे अडकलंय आणि कोण कुठे निघालंय, हे एकमेकांना कळवायची सोय तेवढी नव्हती. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यातल्या रानांना आगी लागल्या तेव्हाही हेच झालं. वरून नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकत होती आणि खाली आपली माणसं हिरवे डहाळे घेऊन जाळ झोडपत होती. वारा फिरला की खालच्या तुकडीला सांगायला कोणीतरी मोटारसायकलवरून रेंज मिळेल तिथपर्यंत उतरायचं, फोन करायचा आणि पुन्हा वर चढायचं. तोवर जाळ दुसऱ्या उतरणीवर गेलेला असायचा.

म्हणून आमच्या आपत्ती मदत गटाने ठरवलं आहे की पंचायती, अग्निशमन दल, रुग्णवाहिका आणि स्वयंसेवक यांच्यापुरतं एक वेगळं वायरलेस ब्रॉडबँड जाळं सत्तरीत उभारायचं. सध्या आम्ही आखणीच्या टप्प्यावर आहोत, आणि तुमची खरी गरज आत्ताच आहे.

वॉकीटॉकी घेतले की झालं, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. वॉकीटॉकी हवेतच, आवाजासाठी त्यांच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. पण पोलिसांचा वायरलेस पोलिसांपुरता असतो, अग्निशमनचा त्यांच्यापुरता, आणि स्वयंसेवक दोन्हींच्या बाहेर. शिवाय "वडाकडून खाली, दुसरं घर" हे तोंडी सांगून बाहेरून आलेल्या जवानाला काय कळणार? त्याला नकाशावर ठिपका दिसला पाहिजे. पुलाखालचं पाणी किती चढलंय त्याचा फोटो वाळपईत बसलेल्या माणसाला दोन सेकंदांत दिसला, तर गाडी कुठल्या रस्त्याने वळवायची हे तो लगेच सांगेल.

जगात हे धडे फार महाग पडून शिकले गेले. न्यूयॉर्कमध्ये 11 सप्टेंबर 2001 रोजी जळत्या मनोऱ्यात चढलेल्या कित्येक अग्निशामकांपर्यंत बाहेर पडण्याचा हुकूम रेडिओवरून पोचलाच नाही. बचावदलांसाठी देशभर राखीव ब्रॉडबँड जाळं उभारायचा कायदा अमेरिकेत 2012 मध्ये झाला, म्हणजे अकरा वर्षांनी. दक्षिण कोरियात 16 एप्रिल 2014 रोजी सेवोल ही बोट बुडून 304 माणसं गेली, त्यात बहुतेक शाळकरी मुलं होती. त्यानंतर तिथे पोलीस, अग्निशमन, तटरक्षक सगळ्यांना एका जाळ्यावर आणायचं काम हाती घेतलं गेलं आणि ते 2021 मध्ये देशभर पूर्ण झालं. आपल्याकडेही जून 2018 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, केंद्राला शिफारस केली आहे की अशा दलांसाठी देशव्यापी ब्रॉडबँड जाळं सरकारी पैशातून उभारावं आणि त्याला वेगळा स्पेक्ट्रम, म्हणजे रेडिओ लहरींचा पट्टा, राखून ठेवावा. ते जाळं सत्तरीत पोचेल तेव्हा आम्ही पहिले त्याचं स्वागत करू. पण मृग दरवर्षी येतो, आणि तोवर हातावर हात ठेवून बसणं मला पटत नाही.

राखीव स्पेक्ट्रम आपल्यासारख्या गटाला मिळत नाही. मात्र ऑक्टोबर 2018 पासून 5 गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा परवानामुक्त आहे. ठरलेल्या ताकदीची, मंजुरी मिळालेली यंत्रं वापरली की तिथे परवाना लागत नाही. तो सगळ्यांना खुला असल्यामुळे कळंगुटसारख्या ठिकाणी हॉटेलांच्या वायफायची गर्दी सोसावी लागली असती. आपल्या डोंगराळ भागात ती भीती कमी आहे. आमची खरी भीती फणसाची आहे.

हे जरा समजावून सांगतो, कारण पुढची विनंती त्यावरच आहे. मे महिन्यात आम्ही एक प्रयोग केला. रात्री एका गच्चीवर मोठी बॅटरी घेऊन एकजण उभा राहिला आणि समोरच्या डोंगरउतारावरच्या घरातून बाकीच्यांनी पाहिलं. उजेड स्वच्छ दिसला, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी उसने आणलेले दोन वायरलेस रेडिओ तिथेच लावले, तर दुवा धड जुळेना. दोन टोकं एकमेकांना दिसली तरी तेवढ्याने भागत नाही. रेडिओची लहर मधोमध फुगते. 10 किलोमीटरच्या दुव्यात मध्यावर ती सरळ रेषेच्या चारी बाजूंना सुमारे 11 मीटर पसरते, आणि त्यातली निदान 7 मीटर जागा मोकळी लागते. आमच्या रेषेच्या तीनच मीटर खाली एक जुना फणस होता. पावसाने ही लहर फारशी अडत नाही, पण भिजलेल्या पानांत ती शोषली जाते. म्हणून उन्हाळ्यात चाललेला दुवा आषाढात बंद पडू शकतो, आणि म्हणूनच पाहणी भर पावसात, आत्ता श्रावणात करायची आहे. फणस कोणाला तोडायला सांगणार नाही. दोन्ही टोकांचे खांब चारेक मीटर उंच केले की वाट मोकळी होते.

मुख्य केंद्र वाळपईत राहील आणि नदीकाठच्या व डोंगराच्या बाजूच्या गावांत मिळून आणखी पाच ठिकाणं लागतील. अभयारण्याच्या हद्दीत एकही खांब उभारायचा नाही. रानातल्या कामासाठी जीपमध्ये बसणारा एक फिरता संच करणार आहोत, वर-खाली होणाऱ्या काठीसकट. निरोप, नकाशा आणि बोलणं सांभाळणारा सर्व्हर वाळपईतच ठेवायचा आहे. त्यामुळे बाहेरचं इंटरनेट तुटलं तरी गावागावांतलं आपसांतलं बोलणं चालू राहील. जाळ्याची मर्यादाही सांगून टाकतो. प्रत्येक ठिकाणापासून दोन-तीनशे मीटरच्या परिसरात साधा फोन जोडला जाईल, त्यापलीकडे नाही. घराघरांत इंटरनेट देण्यासाठी हे जाळं नाही, आणि गर्दी झाली तर ज्या कामासाठी उभारलं तेच अडेल. तेव्हा पासवर्ड मागू नका, ही हात जोडून विनंती.

पैसा सर्वांत जास्त जाणार आहे तो बॅटऱ्यांवर. एका ठिकाणची यंत्रं सगळी मिळून साधारण 30 वॅट घेतात. ऐन जुलैत तीन दिवस सूर्य दिसला नाही तर 72 तासांना दोन युनिटांहून थोडी जास्त वीज लागते. त्यासाठी 100 अँपिअर-तासाच्या दोन लिथियम बॅटऱ्या प्रत्येक ठिकाणी हव्यात. त्यातलं काही कमी करून चालणार नाही. काही तासांत झोपणारं जाळं आपल्याकडे आधीच आहे. अर्थिंग आणि वीज पडण्यापासून बचावाची सामग्री हा दुसरा खर्च. मे-जूनमधला आणि चवथीनंतरचा गडगडाट काय असतो, ते उंचावर राहणाऱ्यांना सांगायला नको.

खांब, पॅनेल, बॅटऱ्या, रेडिओ आणि मजुरी धरून एका ठिकाणाचा अंदाज सव्वा लाख रुपये येतो. सहा ठिकाणं आणि जीपचा संच मिळून नऊ लाख. स्वयंसेवकांनी आपसांत 1 लाख 40 हजार जमवले आहेत. 500 रुपये दिलेत तरी पावती मिळेल, आणि पावतीशिवाय कोणाच्याही हातात पैसे देऊ नका, आमच्यापैकी कोणी मागितले तरी. जमाखर्च दर तिमाहीला ग्रामसभेत वाचला जाईल. भजनी मंडळांनी आणि चवथीच्या मंडळांनी सजावटीतला थोडा भाग इकडे वळवला, तर एखादं अख्खं ठिकाण त्यांच्या नावावर उभं राहील.

पैशांहून अवघड मागणं पुढे आहे. ज्यांचं घर उंचावर आहे, ज्यांची गच्ची भक्कम आहे, त्यांनी खांबापुरती जागा द्यावी. भाडं देणं आम्हाला परवडणार नाही. वर जायचा जिना बाहेरून नसेल तर किल्ली कोणाकडे असेल हे आधी ठरवावं लागेल, कारण बिघाड रात्री दोन वाजताच होतो आणि भर पावसात कोणाचं तरी दार वाजवावं लागतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून, त्यांची मनापासून तयारी असेल तरच हो म्हणा.

वायरमन, वेल्डर, आयटीआय झालेली मुलं-मुली आणि नेटवर्किंगचं काम करणारे आपले पणजी-बंगळुरूकडचे लोक, यांचे चार-चार रविवार हवे आहेत. तुमच्या वाड्यावर पाणी आधी कुठे चढतं, कुठली वाट आधी तुटते, हे सांगणारी जुनी माणसं तर हवीतच. नकाशावर पहिल्या खुणा त्यांच्या सांगण्यावरून करायच्या आहेत.

चवथीपर्यंत पाहणी पुरी करून दिवाळीनंतर जमीन सुकली की खांब उभारायचे आणि पुढच्या मृगाआधी सगळ्या पथकांची एक रंगीत तालीम घ्यायची, असा बेत आहे. जागा किंवा देणगी द्यायची असेल तर आपल्या पंचायत कार्यालयातल्या वहीत नाव, वाडा आणि घर कुठल्या बाजूला तोंड करून आहे तेवढं लिहून ठेवा. पाहणीची तुकडी दर रविवारी सकाळी आठ वाजता वाळपईहून निघते. येताना छत्रीऐवजी रेनकोट आणा, शिडीवर दोन्ही हात मोकळे लागतात.