किनारपट्टीच्या हवेचे कारण देऊन संगणकाची वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग
दि. ८ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: वॉरंटीच्या मुदतीत बंद पडलेल्या डेस्कटॉप संगणकाची विनामूल्य दुरुस्ती नाकारल्याबाबत

महोदय,

मी वेंगुर्ल्यात राहते आणि घरी डीटीपीचे काम करते. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीची पत्रके, दशावतारी नाटक मंडळांच्या जाहिराती अशी कामे माझ्याकडे येतात. २०२४ च्या दिवाळीत कुडाळ येथील आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून मी आपल्या कंपनीचा डेस्कटॉप संगणक तीन वर्षांच्या वॉरंटीसह विकत घेतला. यंदाच्या जुलैत तो बंद पडला. कोल्हापूर येथील आपल्या दुरुस्ती केंद्राने आतील भागांवर ओलावा व गंज आढळल्याचे आणि ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे वॉरंटी लागू होत नसल्याचे लेखी कळवले आहे. हा निष्कर्ष मला मान्य नाही. त्याला तांत्रिक आधार नाही आणि तो कोकणात राहणाऱ्या प्रत्येक ग्राहकावर अन्याय करणारा आहे, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

बिघाडाची सुरुवात संगणक काम करताना अचानक बंद होण्याने झाली. पुढे बटण दाबल्यावर पंखा अर्धा फेरा घेऊन थांबू लागला आणि शेवटी पडद्यावर काहीच येईनासे झाले. अशा वेळी घरच्या माणसाने जे तपासायचे ते मी क्रमाने तपासले. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये इस्त्री लावून वीज येते याची खात्री केली, पॉवर केबल बदलली, यूपीएस बाजूला काढून संगणक थेट जोडला, प्रिंटर, पेनड्राइव्ह, स्पीकर असे सगळे काढून केवळ मॉनिटर आणि कीबोर्ड ठेवला. आमच्याकडे पावसाळ्यात विजेचा दाब खालीवर होतो, म्हणून वायरमनला बोलावून मल्टिमीटरने मोजणी करून घेतली. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२६ व्होल्ट, तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये २ व्होल्टपेक्षा कमी दाब आढळला. म्हणजे पुरवठाही ठीक होता आणि अर्थिंगही. जांभ्या दगडाच्या जमिनीत अर्थिंग नीट लागत नाही, हे इथे घर बांधणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. आम्ही कोळसा आणि मीठ घालून अर्थिंगचा खड्डा नव्याने भरून घेतला आहे आणि उन्हाळ्यात त्यात नियमित पाणी घालतो. मदरबोर्डवरचा, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवरचा, सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेलही मोजला, तो पूर्ण ३ व्होल्टचा निघाला.

एवढे सगळे सांगूनही आपल्या दूरध्वनी सेवेतील प्रतिनिधींनी मला विंडोज पुन्हा टाकायला सांगितले. जो संगणक पडद्यावर एक अक्षर येण्याआधीच बंद पडतो, त्यावर विंडोज टाकणार कशी, हा प्रश्न मी विचारला, तेव्हा समोरच्या व्यक्तीने तीच वाक्ये पुन्हा वाचून दाखवली. पुढच्या वेळी दुसऱ्या प्रतिनिधीने रॅमची, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीची, टोके खोडरबरने घासायला सांगितली. त्या टोकांवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो. खोडरबराने तो झिजतो आणि रबराचा चुरा खाचेत जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेले, धागे न सोडणारे कापड हा त्यावरचा योग्य उपाय आहे आणि मी तोच केला. तिसऱ्या प्रतिनिधीने हेअर ड्रायरची गरम हवा कॅबिनेटमध्ये सोडायला सुचवले. तसे केल्यास आत बसलेली धूळ आणि क्षार आणखी आत, पंख्यांच्या बेअरिंगमध्ये आणि कनेक्टरमध्ये ढकलले जातात. ज्यांच्या सल्ल्यावर ग्राहक विसंबून राहतो, त्यांना निदान वीजपुरवठ्याचा बिघाड आणि सॉफ्टवेअरचा बिघाड यांतील फरक शिकवला गेला पाहिजे.

खरा दोष एसएमपीएसमध्ये, म्हणजे भिंतीवरची वीज संगणकाच्या भागांना लागणाऱ्या कमी दाबाच्या विजेत बदलणाऱ्या डब्यात आहे. संगणक कोल्हापूरला पाठवण्यापूर्वी इथल्या तंत्रज्ञाने एसएमपीएसवर भार असताना दाब मोजला. १२ व्होल्टच्या तारेवर १०.६ व्होल्ट येत होते. या तारेवर वर किंवा खाली ५ टक्क्यांची सूट मान्य असते, म्हणजे ११.४ व्होल्टच्या खालचे कोणतेही मोजमाप बिघाडाचेच समजले जाते. त्यानंतर त्यांनी स्वतःजवळचा तेवढ्याच क्षमतेचा एसएमपीएस तात्पुरता जोडला, तेव्हा संगणक लगेच सुरू झाला आणि दिवसभर विनातक्रार चालला. मदरबोर्ड गंजून निकामी झाला असता, तर केवळ एसएमपीएस बदलून हे घडले नसते. या मोजमापांची छायाचित्रे आणि तंत्रज्ञाचे सहीचे पत्र मी कोल्हापूरच्या केंद्राला दिले होते. त्यांच्या अहवालात त्याचा उल्लेखही नाही आणि एसएमपीएसचा दाब त्यांनी मोजल्याची नोंदही नाही. अहवालासोबत जोडलेल्या एकमेव छायाचित्रात कॅबिनेटच्या मागच्या बाजूचे स्क्रू आणि पोर्टभोवतीची पत्र्याची पट्टी गंजलेली दिसते. बाहेरच्या लोखंडी स्क्रूवरचा गंज एसएमपीएसमधला दाब कसा कमी करतो, हे आपल्या अभियंत्यांनी मला लेखी समजावून सांगावे.

आता ओलाव्याविषयी. आपल्या माहितीपुस्तिकेत संगणक वापरण्यासाठी हवेतील आर्द्रता २० ते ८० टक्के असावी असे छापले आहे. जुलै-ऑगस्टमध्ये अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर अनेक दिवस असते. हवेत समुद्राचे मीठ असते आणि आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की ते मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते. धातूवर असा खारा थर बसला की तो वीजही वाहून नेतो आणि गंजही चढवतो. ही गोष्ट संगणक बनवणाऱ्यांना नवीन नाही. अशा हवेसाठी सर्किट बोर्डवर संरक्षक लेप देण्याची पद्धत आहे. आपण तो लेप देत नसाल, तर तो आपला निर्णय आहे. पण मग पुस्तिकेतील मर्यादेनुसार हा संगणक कोकणात पावसाळाभर वापरण्यायोग्यच नाही, हे विक्रीच्या वेळी सांगायला हवे होते. कुडाळच्या दुकानात ते मला कोणी सांगितले नाही आणि खोक्यावरही तसे लिहिलेले नाही. पैसे घेताना इथली हवा चालते आणि दुरुस्तीची वेळ आली की तीच हवा माझा निष्काळजीपणा ठरते, हे मी कदापि मान्य करणार नाही.

किनाऱ्यावर संगणक जपताना जी काळजी घ्यायला हवी ती मी घेत आले आहे. तो समुद्राकडच्या खिडकीपासून लांब, भिंतीपासून हातभर अंतरावर आणि जमिनीपासून उंच ठेवला आहे. पावसाळ्यात काम नसले तरी तो रोज तासभर चालू ठेवते, कारण चालू असलेल्या संगणकाचे भाग आजूबाजूच्या हवेपेक्षा उबदार राहतात आणि त्यांच्यावर दव धरत नाही. संगणक बंद केल्यावर तो प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळावा, हा आपल्या पुस्तिकेतला सल्ला मात्र मी पाळलेला नाही आणि तो आपण काढून टाकावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. कोरड्या, धुळीच्या गावात तो ठीक असेल. इथे प्लास्टिकखाली ओल कोंडते आणि सकाळी आवरणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसतात. सुती कापड पुरते.

ग्राहकाने कॅबिनेट उघडल्याचा आक्षेपही केंद्राने तोंडी घेतला. कॅबिनेटची बाजू काढून मऊ ब्रशने धूळ झाडणे आणि रॅम काढून पुन्हा बसवणे या दोन्ही कृती आपल्याच पुस्तिकेत आकृत्यांसह दिल्या आहेत. एसएमपीएसचा डबा मात्र मी किंवा तंत्रज्ञाने उघडलेला नाही. त्यातल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ राहू शकतो, हे आम्हाला माहीत आहे. डब्यावरचे सील जसेच्या तसे आहे, आपण ते पाहू शकता.

आणखी एका गोष्टीला माझी हरकत आहे. दुरुस्तीच्या अर्जावर डिस्कवरील सर्व माहिती पुसली जाऊ शकते या अटीखाली सही केल्याशिवाय केंद्र संगणक ताब्यात घेत नाही आणि डिस्क काढून स्वतःजवळ ठेवण्याची परवानगीही देत नाही. माझ्या कामाची प्रत वेगळ्या डिस्कवर आहे, त्यामुळे माझे काम बुडणार नाही. परंतु संगणकातल्या डिस्कवर लोकांची नावे, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक आहेत. एसएमपीएस बदलण्यासाठी डिस्कला हात लावण्याचीही गरज नसते. ही अट मी निषेध नोंदवून स्वीकारली आहे. डिस्क पुसली गेली, तर त्याची जबाबदारी आपली राहील.

यंदाच्या चतुर्थीच्या आधीची सगळी कामे मला दुसऱ्यांकडे द्यावी लागली. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणारी व्यक्ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकच ठरते, त्यामुळे हा व्यावसायिक वापर असल्याचे कारण पुढे करू नये. संगणकातील दोषाची तपासणी वरिष्ठ अभियंत्याकडून पुन्हा व्हावी, तिन्ही तारांवरील म्हणजे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या दाबांची भार असतानाची मोजमापे मला लेखी मिळावीत, एसएमपीएस वॉरंटीत विनामूल्य बदलून द्यावा आणि वेंगुर्ले ते कोल्हापूर नेण्याआणण्याचा खर्च परत करावा, या माझ्या मागण्या आहेत. पैशांच्या भरपाईइतकीच मला पुस्तिकेतील दुरुस्तीही महत्त्वाची वाटते. किनारपट्टीच्या ग्राहकांसाठी त्यात स्वतंत्र पान असावे आणि निव्वळ बाहेरील गंज पाहून वॉरंटी नाकारू नये, अशी लेखी सूचना आपण सर्व केंद्रांना द्यावी.

विक्रीची पावती, वॉरंटी कार्ड, केंद्राचा अहवाल, तंत्रज्ञाचे पत्र आणि मोजमापांची छायाचित्रे यांच्या प्रती पत्रासोबत जोडल्या आहेत. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करण्याची मुभा या कायद्याच्या कलम ३४ ने दिली आहे, त्यामुळे सुनावणी सिंधुदुर्गातच होईल.

आपली विश्वासू,
ग्राहक, वेंगुर्ले