लेकीची हरवलेली पावलं दाखवणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा लेक अडीच महिन्यांची होती आणि मी आठवडाभर धड झोपले नव्हते. त्या दिवशी सगळं रडत रडत सांगितलं, म्हणून आज नीट लिहिते. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत तिला काखेत हात घालून उभं धरलं आणि तळवे गादीला टेकले, की ती एकापाठोपाठ एक पावलं उचलायची. आम्ही हरखून जायचो. दोन महिने भरता भरता ती पावलं थांबली. उभं धरलं की पाय नुसते लोंबायचे. येत होतं ते गेलं, म्हणजे मेंदूत काहीतरी बिघडलं, असं माझ्या मनाने घेतलं. तुमच्याआधी जिथे विचारलं तिथे "होतं असं, काळजी करू नका" एवढंच ऐकायला मिळालं. तेवढ्याने काळजी जात नाही, ताई. उलट आपण मूर्खासारखं काहीतरी विचारलं असं वाटून ती आतल्या आत वाढते.

तुम्ही आधी तिला तपासलं. उताणी ठेवून डोकं तळहातावर किंचित उचललंत आणि हात तसाच खाली ठेवून क्षणभर मागे जाऊ दिलंत. तिने दोन्ही हात झटकन फाकले, बोटं पसरली, मग हात छातीशी ओढून घेतले आणि भोकाड पसरलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, तुम्ही हातांकडे. "दोन्ही बाजू सारख्या उघडल्या, बघितलंत?" असं विचारून तुम्ही तिला लगेच उचलून घेतलंत. घरी आम्ही सगळे म्हणायचो, पोर घाबरट आहे, जरा काही वाजलं की दचकते. याला मोरो रिफ्लेक्स, म्हणजे बाळाच्या अंगात आपोआप होणारी प्रतिक्रिया, म्हणतात, १९१८ मध्ये अर्न्स्ट मोरो नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी त्याचं वर्णन केलं, आणि या वयात तो असायलाच हवा, हे मला तुमच्याकडून कळलं. एकच हात उघडला असता, तर जन्माच्या वेळी खांद्याजवळच्या नसांना इजा झाली का, गळपट्टीचं हाड मोडलं का, हे तुम्ही शोधलं असतंत.

मग तुम्ही माझ्या खऱ्या प्रश्नाकडे वळलात. तिच्या मांडीचा गुबगुबीत भाग दोन बोटांत हलकेच धरलात आणि म्हणालात, "पावलं कुठे गेलीत सांगू? हिने बाळसं धरलंय." पहिल्या दोन महिन्यांत पायांवर चरबी झपाट्याने चढते, स्नायूंची ताकद मात्र तेवढ्या वेगाने वाढत नाही. पाय जड होतो आणि उचलला जात नाही. १९८४ मध्ये बालविकासाच्या संशोधक एस्थर थेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं होतं. बाळांच्या पायांना छोटी वजनं बांधली तर पावलं कमी झाली, पाय कोमट पाण्यात बुडवले तर वाढली. "आज आंघोळीला दोघं मिळून धरा आणि बघा," एवढं सांगून तुम्ही आम्हाला घरी पाठवलंत.

त्या संध्याकाळबद्दल तुम्हाला कधी सविस्तर सांगता आलं नाही. नवऱ्याने तिला काखेत घट्ट धरलं होतं, मी मान आणि पाठ सांभाळत होते, पाणी तिच्या छातीपर्यंत होतं. आधी काहीच नाही. ती पाण्याकडे टक लावून बघत राहिली. मग उजवा गुडघा वर आला, टबाच्या तळाला पाय टेकला, मागोमाग डावा. तीनच पावलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून रडायला लागलो.

त्यानंतर मी बघायला शिकले. तोंड एका कुशीला वळलं की त्या बाजूचा हात सरळ आणि दुसरा कोपरात दुमडलेला, अगदी धनुष्य ताणल्यासारखा. तो पवित्रा सुटेपर्यंत पालथं पडणं अवघड जातं, कारण लांब केलेला हातच आड येतो. माझे केस तिच्या मुठीत अडकले की बोटं ओढून सोडवायची नाहीत, मुठीच्या पाठीवरून हलकेच बोट फिरवायचं. पाजताना गाल दोन्हीकडून धरायचे नाहीत, कारण ज्या गालाला स्पर्श होतो तिकडे बाळ तोंड वळवतं, दोन्हीकडून झाला तर गोंधळतं. किती साधी गोष्ट! आम्ही पहिले कितीतरी दिवस नेमकं उलटं करत होतो.

तुमचं एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय: जन्मासोबत आलेलं जातं, ते शिकलेल्यासाठी जागा करून देतं. मोरो, तळहाताची पकड आणि तो धनुष्याचा पवित्रा साधारण चार ते सहा महिन्यांत ओसरतात. मूठ आपोआप मिटायची थांबते, तेव्हाच हवी ती वस्तू धरता आणि सोडता येते. त्याच वेळी तुम्ही दुसरी बाजूही स्पष्ट सांगितलीत. सहा महिन्यांनंतरही मोरो तसाच राहिला, एकच बाजू कमी हलत असली, किंवा बाळ स्वतः शिकलेली गोष्ट करेनासं झालं, तर थांबायचं नाही, दाखवायचं. धीर देताना हे सांगायला बरेच जण विसरतात. तुम्ही विसरला नाहीत, म्हणून मला तुमचा धीर खरा वाटला.

जागी असताना, आम्ही समोर बसून, तिला उपडं ठेवायचं. झोपवायचं मात्र नेहमी उताणंच. पहिल्यांदा मिनिटभरात नाक गादीत खुपसून रडली. मी तिच्यासमोर पालथी पडून तोंडासमोर तोंड आणायला लागले तेव्हा कुठे मान वर यायला लागली. चौथ्या महिन्यात मान पक्की धरली.

शेजारचं बाळ आधी बसलं तेव्हा मी पुन्हा घाबरून फोन केला होता. तुम्ही जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे सांगितलेत: आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने, एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिने, आणि त्या पाहणीतली चार टक्क्यांहून थोडी अधिक मुलं तर दोन हात-दोन गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. चालायला लागण्यात जवळजवळ साडेनऊ महिन्यांचा फरक, आणि सगळी निरोगी मुलं! तारखेपेक्षा पुढचं पाऊल पडतंय का ते बघा, म्हणालात. कोणत्या महिन्यात काय यायला हवं याचा भिंतीवर लावलेला तक्ता मी काढून टाकला.

परवा ती बसल्या बसल्या खेळण्याकडे झुकली आणि पुढे कोसळली. मी धावले, पण त्याआधीच तिचे दोन्ही तळवे जमिनीवर टेकले होते, बोटं पसरलेली, चेहरा जमिनीपासून वीतभर वर. पडताना हात पुढे टाकण्याची ही प्रतिक्रिया सात ते नऊ महिन्यांच्या सुमारास येते आणि जन्मभर राहते, असं तुम्ही सांगितलं होतं. ती आली, ताई. दोन्ही हात सारखे पडले. मी हातांकडेच बघत होते.

तुमची आभारी,
लेकीची आई