पदकाच्या बातमीत गटाचा अर्थपण छापा

मा. संपादक, नमस्कार.

पॅरालिम्पिक, पॅरा एशियाडच्या बातम्या तुमच्या पेपरात येतात, पण त्यात खेळाडू अपंगत्वाच्या कुठल्या गटात खेळला हे हमखास राहून जातं, आणि आलंच तर नुसतं एफ-४६ नाहीतर टी-१२ छापून मोकळे. वाचणाऱ्याला त्यातनं काय कळणार? प्रत्येक पदकाच्या बातमीत त्या गटाचा अर्थ दोन ओळीत द्यावा एवढीच माझी मागणी आहे.

२०२४ ला पॅरिस पॅरालिम्पिकमधून आपल्या टीमने २९ मेडल आणली, त्यात ७ गोल्ड. त्याच्या थोडंच आधी पॅरिसलाच झालेल्या ऑलिम्पिकमध्ये एकूण ६ मेडल होती. तळजाईला सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये लगेच सुरू, "अहो त्यांच्यात कॅटेगऱ्याच ढीगभर असतात, भाल्यालाच दोन दोन गोल्ड, मग मिळणारच की!" मला खरंच फार लागलं ते. कुस्तीत ५७ किलोच्या पैलवानाची ८६ किलोवाल्याशी कुस्ती लावत नाहीत, बॉक्सिंगलाही वजनगट असतात, तिथे कोणी असं बोलत नाही मग इथेच का? भाल्याचे ते दोन गोल्डवाले बघा. सुमित अंतिलचा एक पाय गुडघ्याखाली नाही, कृत्रिम पाय लावून पळत येऊन तो भाला फेकतो, त्याचा गट एफ-६४. नवदीप सिंगची उंची खूप कमी, त्याचा एफ-४१. या दोघांना एकाच रांगेत कसं उभं करणार?

क्लब थ्रोचा एफ-५१ गट बघा. मणक्याला दुखापत झालेले खेळाडू, पाय चालत नाहीत, कंबरेत जोर नाही, बोटांत धड पकड नाही, त्यांना जमिनीला घट्ट केलेल्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधून बसवतात आणि तसं बसूनच लाकडी क्लब, म्हणजे बाटलीसारखा दांडका, लांब फेकायचा. पॅरिसला यात गोल्ड, सिल्व्हर दोन्ही आपलं, धरमबीर आणि प्रणव सूरमा. धरमबीरचे पहिले चारही थ्रो फाऊल गेले होते, पाचवा ३४.९२ मीटर पडला आणि गोल्ड! हे नीट छापलं असतं तर "मिळणारच की" म्हणायची कोणाची जीभ रेटली नसती.

आपला सचिन खिलारी, सांगली जिल्ह्यातल्या करगणीचा, पुण्यात शिकला. त्याचा गट एफ-४६, म्हणजे हाताचं अपंगत्व, उभं राहून फेक. गोळा एकाच हाताने टाकतात हे खरं पण तोल सांभाळायला आणि अंगाला वेग द्यायला दुसरा हात लागतोच, त्याचा तो डावा हात अधू आहे. पॅरिसला त्याने १६.३२ मीटर टाकला, गोल्डवाल्याचा १६.३८. फरक फक्त ६ सेंटिमीटरचा.

अजून एक. सिमरन शर्माला टी-१२ म्हणजे खूप कमी दिसणाऱ्यांच्या गटात २०० मीटरमध्ये ब्रॉंझ मिळालं तेव्हा दोरीने हात जोडून तिच्याबरोबर पळणारा अभय सिंग किती पेपरात होता? या शर्यतीत गाईडलाही मेडल देतात, त्याचं नाव छापलंच पाहिजे.

आणि मुरलीकांत पेटकर! १९६५ च्या लढाईत गोळ्या लागलेला जवान, १९७२ ला हायडलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाईल पोहण्यात गोल्ड, भारताचं पहिलं पॅरालिम्पिक गोल्ड. आपल्या पुणे परिसरातला माणूस, पण त्याच्यावरचा 'चंदू चॅम्पियन' पिक्चर येईपर्यंत आमच्या ग्रुपात कोणाला नावसुद्धा माहीत नव्हतं.

ऑक्टोबर २०२६ ला जपानमध्ये आइची-नागोयाला पॅरा एशियाड आहे. मोठा लेख नको, बातमीखाली छोटी चौकट पुरे आणि ती मेडल न मिळालेल्यांच्या बातमीलाही द्या.

एक नियमित वाचक,
बिबवेवाडी, पुणे