आई-बाबा, वहिनी आणि मुलं माझ्याकडे आहेत

प्रिय आई, प्रिय बाबा,

आधी तेच सांगते म्हणजे आईचा जीव भांड्यात पडेल. वहिनी आणि दोन्ही मुलं माझ्याकडे आहेत, सुखरूप आहेत, आणि आता इथेच राहणार आहेत. चार दिवसांनी राग निवळला की परत जातील असं धरून बसू नका. तुम्हाला न विचारता ठरवलं याची मला बोच आहे, पण आई, तुला सांगितलं असतं तर रात्रभर तू या कुशीवरून त्या कुशीवर केलं असतंस आणि सकाळी दादाने नुसतं विचारलं असतं तरी तुझा चेहरा बोलला असता. तुला खोटं बोलता येत नाही, आणि त्या घरात त्याच्यासमोर उभं राहून ते बोलायची वेळ तुझ्यावर आणायची नव्हती.

फोन स्पीकरवर असतो, म्हणून पत्र. शेजारच्या काकूंकडे देतेय. वाचून झालं की त्यांच्याकडेच परत द्या, घरात नको, बाबांच्या फायलीत तर नकोच.

आई, तू काय म्हणणार ते मला पाठ आहे. त्याचा धंदा बुडाला गं, कर्जवाले दारात येतात, झोप नाही, डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलंय, आजारी माणसाला असं कुणी टाकतं का. यातली एकही गोष्ट खोटी नाहीये. वर्कशॉप बंद झालं तेव्हा तो कसा आतून संपत गेला ते मीही पाहिलंय. पण आत्याच्या वेळेसही आपण सगळे असंच बोलत होतो, आणि पुढे काय झालं ते आपल्या तिघांनाही माहितीये, मी परत लिहीत नाही.

बाबा, तुम्ही पावती असल्याशिवाय वहीत आकडा चढवला नाहीत कधी, म्हणून तुमच्यासाठी मुद्दाम शोधून वाचलंय. पैशाच्या ओढाताणीचा आणि घरातल्या मारहाणीचा संबंध असतो, हे मी नाकारत नाहीये. २०११ साली इक्वेडोरच्या उत्तर भागात जागतिक अन्न कार्यक्रमाने गरीब घरांना काही महिने मदत दिली, कुठे रोख, कुठे कूपन, कुठे धान्य, आणि ज्यांना काहीच मिळालं नव्हतं त्या घरांशी नंतर तुलना केली. मदत मिळालेल्या घरांत नवऱ्याकडून होणारी मारहाण कमी झालेली दिसली. पण ती मदत मुख्यतः घरातल्या बाईच्या हातात दिलेली होती. मी हे वाचलं आणि मला माझं उत्तर मिळालं. मी दर महिन्याला दादाच्या खात्यात टाकत होते ते पैसे आता वहिनीच्या नव्या खात्यात जातील. एक रुपया कमी केलेला नाही, फक्त हात बदललाय. मुलांची फी, वहिनीचा शिवणक्लासचा खर्च, सगळं त्यातून होईल, आणि तिला कुणापुढे हात पसरायला लागणार नाही.

आता जे लिहिणं जड जातंय ते. वसुलीवाला आला होता त्या संध्याकाळचं वहिनीने मला सांगितलं. तो दारात उभा राहून वाट्टेल ते बोलला. दादाने हात जोडले, बसायला खुर्ची दिली, आवाजसुद्धा चढवला नाही. तो गेला, लिफ्टचं दार लागलं, मग दादाने हॉलच्या दोन्ही खिडक्या लावल्या, टीव्हीचा आवाज मोठा केला, आणि मग वहिनीकडे वळला. आई, तू आतल्या खोलीत होतीस, तू खिडक्या लावल्याचा आवाज ऐकला असशील. ज्याचा स्वतःवर ताबाच उरला नाही तो आधी खिडक्या लावतो का गं? वहिनीचा मोबाईल फुटला, बाबांचा रेडिओ फुटला, त्याचा स्वतःचा लॅपटॉप आजवर एकदाही फुटला नाही. मार नेहमी बाहीच्या आत, दंडावर, पाठीवर. मी हे त्याला नावं ठेवायला लिहीत नाहीये, तो माझाही भाऊ आहे, पण तू ज्याला आजार म्हणतेस त्यातलं हे एवढं आजारात बसत नाही. कर्ज त्याच्यावर आलं, डिप्रेशन त्याला झालं, ते कुणावरही येऊ शकतं. हात मात्र त्याने उचलला.

२०१९ साली जगात सुमारे २८ कोटी लोकांना डिप्रेशन होतं असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. त्यातले बहुतेक जण बायकोला मारत नाहीत, म्हाताऱ्या वडिलांना ढकलत नाहीत. उलट अशा माणसापासून इतरांपेक्षा त्याच्या स्वतःच्याच जिवाला जास्त धोका असतो, आणि म्हणून दादाची मला खरंच काळजी वाटते, त्याबद्दल खाली लिहिलंय. डिप्रेशनवर गोळ्या आहेत, त्या त्याने घ्यायला हव्यात आणि मी त्याच्यासाठी डॉक्टर बघून ठेवलाय. पण मारहाणीवर गोळी नाही. त्याचा मूड सुधारला, झोप लागायला लागली, तरी हे आपोआप थांबेलच असं नाही, त्यासाठी त्याला स्वतःला म्हणायला लागेल की हे मी केलं आणि मी थांबवणार. 'तिने मला बोलायला नको होतं' इथून सुरुवात केली तर काहीच होणार नाही. आणि दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवायचं आत्ता कुणी मनात आणू नका, मामांनीसुद्धा. समुपदेशक बाईंनी स्पष्ट सांगितलंय की मारहाण चालू असताना एकत्र बसवलं तर बाई खरं बोलू शकत नाही, आणि बोलली तर घरी जाऊन त्याची किंमत मोजते.

आत्ताच का, असं विचाराल. कारण यावेळी त्याने तिचा गळा धरला. आई, वहिनीने तुला सांगितलं नाही, तुला बीपीचा त्रास होईल म्हणून. आवाज बसला होता तिचा, तू सर्दी समजलीस. मी तिला लगेच डॉक्टरकडे नेलं, कारण गळ्यावर बाहेर वळ नसला तरी आत इजा असू शकते. अमेरिकेतल्या २००८ सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं की जोडीदाराने ज्यांचा आधी गळा दाबला होता अशा बायकांचा पुढे त्याच्याच हातून जीव जाण्याचा धोका सातपटीहून जास्त होता. हे वाचल्यावर मी थांबू शकत नव्हते. तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हीही थांबला नसतात, बाबा, हे मला माहितीये.

आणि मुलांना काय कळतं असं आता म्हणू नका प्लीज. छकुली इथेसुद्धा झोपताना चपला उशाशी ठेवते. वहिनीने विचारलं तर म्हणाली, पळायला लागलं तर. धाकटा कुणाचा आवाज जरा वाढला की आधी टीव्हीचा रिमोट शोधतो. काल छकुली शाळेच्या वहीत चित्र काढत होती, त्यात आजी आणि आजोबा होते, मोठ्ठे, पानभर. तुमची आठवण काढतात दोघं, खूप.

आता तुमच्याबद्दल. बाबा, बाथरूममध्ये पाय घसरून मनगट मोडलं असं तुम्ही मला सांगितलंत. मी ऐकून घेतलं. छकुलीने सगळं पाहिलंय, एवढंच लिहिते. तुम्हाला याची लाज वाटते हे मला समजतं, ज्या मुलाला खांद्यावर बसवून सगळं गाव दाखवलं त्याने ढकललं हे तोंडातून कसं काढायचं. पण त्यात तुमची लाज कसलीच नाही, आणि तुम्ही एकटेही नाही. २०१७ साली २८ देशांतल्या ५२ अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा ६० च्या पुढच्या साधारण दर सहा माणसांमागे एकाला वर्षभरात कुठला ना कुठला छळ सोसावा लागल्याचं दिसलं, त्यात पैसे काढून घेणंही आलं, टोचून बोलणंही आलं. बहुतेक जण सांगतच नाहीत, पोटचं पोर असतं ना.

म्हणून तुम्ही दोघंही इकडे या. कायमचं म्हणत नाही, बाबांचा हात बरा होईपर्यंत या, मग बघू. मागची खोली तुमच्यासाठी लावलीय. पलंग खिडकीला लागून ठेवलाय, बाबांना सकाळचं ऊन मिळेल. संडासात धरायला दांडा बसवून घेतलाय, रात्री लागेल म्हणून पॅसेजमध्ये छोटा दिवा ठेवलाय, आईला गुडघ्यामुळे खाली बसता येत नाही म्हणून उंच पाटाची खुर्ची आणलीय. पाणी दिवसभर असतं, गरम पाणी नळाला. रेडिओ नवीन घेतलाय, बटणं मोठी आहेत, तुमचं स्टेशन लागतं, मी बघून ठेवलंय. तुमच्या जावयाला अडचण होईल हा विचार तर करूच नका, दांडा बसवायला मिस्त्री त्यानेच आणला आणि समोर उभं राहून उंची मोजून घेतली.

आई, मला ताप आला की तू रात्रभर कपाळावर हात ठेवून बसायचीस, मी डोळे मिटून जागी असायचे कारण झोपले तर तो हात जाईल असं वाटायचं. आणि मला आठवतं, सायकलवरून पडले तेव्हा दादाने स्वतःचा शाळेचा शर्ट काढून माझ्या गुडघ्यावर दाबला होता आणि घरी येऊन शर्टाबद्दल बोलणी खाल्ली, माझं नाव नाही सांगितलं. तो दादा मी विसरलेले नाही. त्याच्याबद्दल माया आटली म्हणून हे करतेय असं मनात आणू नका. पण त्याचं प्रत्येक भांडण झालं की तुम्ही दोघं त्याच्या आणि वहिनीच्या मध्ये उभं राहायचं, त्याचं कर्ज तुमच्या पेन्शनमधून फेडायचं, आणि वर शेजाऱ्यांना कारण सांगायचं, हे आता बास. तुमची हाडं आता तेवढी राहिली नाहीत.

आता नीट ऐका आणि मी सांगते तसंच करा, वाद घालू नका.

बाबा, घराच्या कागदांवर सही करायची नाही. त्याने कितीही सांगितलं, नुसती फॉर्मॅलिटी आहे, महिन्याभराचा प्रश्न आहे, तरी नाही. सांगा की मुलीला विचारल्याशिवाय करणार नाही, माझ्यावर ढकला, मला चालेल. तुमचं पेन्शनचं कार्ड त्याच्याकडे आहे, ते बँकेत जाऊन बंद करून नवीन मागवायचं आणि पत्ता माझा द्यायचा.

आई, वहिनी कुठे आहे असं त्याने विचारलं तर सांग की सुमीला विचार, मी काही बोलणार नाही. मुलांच्या नव्या शाळेचं नाव तुला मी मुद्दाम सांगितलेलं नाही, तू विचारूही नकोस, तुला माहीतच नसलं की तुझ्यावर जोर येणार नाही. बाई घर सोडते त्यानंतरचे दिवसच जास्त धोक्याचे असतात, म्हणून एवढी काळजी. तो चिडला, दार आपटायला लागला, तर समजावत बसू नका. सरळ बाहेर पडा, चप्पल नसली तरी चालेल, काकूंकडे जा आणि तिथून पोलिसांना फोन करा. पोटच्या पोरावर पोलीस कसे बोलवायचे असं तुला वाटेल, मला कळतंय गं, पण तो आणखी काही करून बसण्याआधी कुणीतरी अडवलं तर त्यात त्याचंही भलं आहे.

आणि तो जिवाचं बरंवाईट करीन म्हणाला तर ते नाटक समजून सोडायचं नाही. धमकी असो की खरं, दोन्ही वेळा फोन डॉक्टरांना, वहिनीला नाही. तिने परत येणं हा त्यावरचा इलाज नाही. झोपेच्या गोळ्या, फिनेल, बाबांची जुनी औषधं, सगळं काकूंकडे नेऊन ठेवा. तुम्ही निघाल त्या दिवसापासून मामा त्याच्याजवळ राहायला येणार आहेत, मी बोललेय त्यांच्याशी, त्यामुळे त्याला एकटं सोडून आलो असं तुम्हाला वाटायला नको. डॉक्टरांची पहिली भेट आणि औषधांचे पैसे मी परस्पर भरणार आहे, रोख त्याच्या हातात देणार नाही. कर्जाचं काय करायचं, हप्ते कसे पाडून घ्यायचे, यासाठी तुमच्या जावयाच्या ओळखीतले एक गृहस्थ बँकेत त्याच्याबरोबर जायला तयार आहेत. तो आला तर मी त्याच्यासोबत प्रत्येक ठिकाणी जाईन. वहिनीला भेटायचं की नाही ते मात्र वहिनी ठरवेल, मी नाही, तुम्ही नाही.

शनिवारी सकाळी गाडी येईल, काकूंच्या दारात थांबेल. फिरायला निघाल्यासारखं खाली उतरा. जड काही घेऊ नका, निळी सुटकेस तर मुळीच काढू नका, ती माळ्यावरून उतरवली की त्याला कळेल. बाबांचे एक्सरे, दोघांची औषधं, चष्मे, बँकेची पासबुकं आणि घराचे मूळ कागद, एवढंच कापडी पिशवीत. आई, बीपीची गोळी सकाळी घेऊनच निघ, प्रवासात घेईन म्हणतेस आणि विसरतेस. कपडे इथे आहेत, तुझ्या मापाचे मी आणलेत, रंग आवडला नाही तर बदलून आणू.

तुमची,
सुमी