तुझ्या सासऱ्यांचा क्रोनोमीटर

दादर, रविवार

प्रिय दिगू,

आधी निकाल सांगतो, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. क्रोनोमीटर, म्हणजे जहाजावर रेखांश काढायला वापरायचं ते अचूक घड्याळ, मेलेला नाही. काकूंना "आता शोपीस म्हणून ठेवा" असं ज्या भल्या गृहस्थाने सांगितलं, त्याने काय केलं असेल हे मला यंत्र उघडल्यावर कळलं. त्याने चावी दिली आणि टिकटिकीची वाट बघत बसला. टिकटिक आली नाही, म्हणून तेल सोडलं. ह्या जातीचं घड्याळ चावी दिल्यावर आपणहून सुरूच होत नाही. यंत्र ज्यात बसवलेलं असतं ती वाटी दोन्ही हातांत धरून आडव्या पातळीत एक चटकन हिसका द्यायचा, मग बॅलन्स, म्हणजे मागेपुढे फिरून वेळ मोजणारं चाक, झोका घेतो. हे माहीत नसेल तर चांगलं यंत्रही बंद पडलेलंच वाटणार.

तेलाचं पुढे सांगतो, तो रागाचा विषय आहे.

पेटी तू लग्नात पाहिलेलीस, पण नीट पाहिली नसशील. ती तीन मजली आहे. खालच्या भागात वाटी, मधल्या भागाला काच, वर लाकडी झाकण. काचेमुळे मधला भाग न उघडताच वेळ वाचता येते, दमट हवा आत जात नाही. लाकूड महोगनी, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. मागची बिजागरी एका बाजूने उखडली आहे आणि तिथे कुणीतरी साधे लोखंडी स्क्रू मारलेत. खालच्या तळाला पाण्याचा डाग आहे. तो जहाजावरचा नसून दादरच्या गळक्या खिडकीचा आहे, काकूंनी स्वतः कबूल केलं. पितळी वाटी एका कड्यात आणि ते कडं पेटीत, अशी दुहेरी टांगलेली असते, त्याला गिंबल म्हणतात. जहाज कितीही कललं तरी डायल आकाशाकडेच. कडं शाबूत आहे. वाहतुकीत गिंबल अडकवून ठेवायची कोपऱ्यातली खिटी मात्र तुटली आहे.

डायलवर लिव्हरपूलचं एक नाव आहे. त्यावर फार विसंबू नकोस. बंदरात उपकरणं विकणारे दुकानदार स्वतःचं नाव डायलवर कोरून घ्यायचे आणि घड्याळ तयार करणारे लंडनला किंवा आणखी कुठे असायचे. कच्चा सांगाडा तर बहुतेक वेळा लँकेशरमधल्या प्रेस्कॉट गावातून यायचा. आपल्या यंत्रात डायलखाली 'जेपी' ही अक्षरं ठोकलेली आहेत. प्रेस्कॉटच्या जोसेफ प्रेस्टनच्या कारखान्याचा हा शिक्का. एकाने सांगाडा केला, दुसऱ्याने जुळवून चालतं केलं, तिसऱ्याने विकलं. डायलच्या पाठीवर दुरुस्ती करणाऱ्यांनी सुईने ओरखडलेल्या तारखा आहेत, त्यातली सगळ्यात जुनी १९०३ची. ही तारीख लक्षात ठेव, शेवटी कामाला येणार आहे.

आता उघडण्याची गोष्ट. वरची काच आट्यांवर असते, ती फिरवून काढली. वाटी हातावर पालथी केली की सगळं यंत्र अलगद तळहातावर येतं. बारा वाजता जिथे छोटी तबकडी आहे, तिच्यावर ० ते ५६ आकडे असतात: चावी देऊन किती तास झाले ते. आपला काटा शून्याच्या जवळ उभा होता. म्हणजे त्या गृहस्थाने पूर्ण चावी दिली आणि तशीच ठेवून दिली. मुख्य स्प्रिंग इतकी वर्षं पूर्ण ताणात. म्हणून काहीही सोडवण्याआधी बॅलन्सखाली बुचाच्या दोन पातळ चकत्या सरकवल्या, आणि माझ्याकडच्या चावीने स्प्रिंगचा ताण दात-दात करत उतरवला. ताणात असलेलं हे यंत्र कुणी सोडवायला बसलं आणि चुकून चाकं मोकळी सुटली, तर साखळी तुटते, दात उडतात.

साखळी म्हणजे काय ते सांगतो, तुला आवडेल. स्प्रिंग पूर्ण गुंडाळलेली असताना जोरात ओढते, उलगडत आली की तिचा जोर ओसरतो. त्यामुळे घड्याळ सकाळी एक आणि रात्री एक बोलेल. ह्यावर उपाय म्हणून फ्युझी. भोवऱ्याला जाळी गुंडाळतो तशी एका शंकूवर साखळी गुंडाळलेली असते. स्प्रिंग जोरात असते तेव्हा साखळी शंकूच्या निमुळत्या टोकाला ओढते, जोर कमी होत जातो तशी रुंद भागाकडे सरकते. कमी जोर, पण लांब हात. चाकांपर्यंत पोचणारी ओढ सारखीच. असल्या साखळ्या इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या क्राइस्टचर्च गावात बायका आणि लहान मुली घरी बसून करायच्या. एकेक कडी सुईच्या टोकाएवढ्या खिळ्याने जोडायची. डोळे जायचे म्हणे. जगाची समुद्रसफर त्यांच्या डोळ्यांवर चालली होती, पण डायलवर त्यांचं नाव कधी आलं नाही. आपल्या साखळीत बॅरलच्या, म्हणजे मुख्य स्प्रिंगच्या डब्याच्या, बाजूला थोडा गंज आहे, दोन कड्या आखडल्या आहेत. साफ होण्यासारख्या आहेत.

चावी देताना शंकू उलटा फिरतो, मग तेवढा वेळ घड्याळ थांबत का नाही? फ्युझीच्या पोटात आणखी एक छोटी स्प्रिंग असते, ती तेवढ्यापुरती चाकांना ढकलत राहते. ही करामत जॉन हॅरिसनची. तोच, ज्याच्या चौथ्या घड्याळाने १७६१-६२च्या जमैका सफरीत ८१ दिवसांत साधारण पाच सेकंदांचा फरक दाखवला आणि तरीही समुद्रावर रेखांश काढण्यासाठीच्या बक्षिसाच्या पैशांसाठी ज्याला म्हातारपणापर्यंत झगडावं लागलं.

पण हॅरिसनची रचना इतकी गुंतागुंतीची की ती परवडणार कुणाला? आपल्यासारखं घड्याळ शक्य झालं ते डिटेंटमुळे. इथे मी थोडा रमणार आहे, चहा घेऊन वाच.

पंधरा दातांचं एक चाक फिरायला आसुसलेलं असतं. डिटेंट म्हणजे पोलादाची एक सडपातळ पट्टी. तिचं एक टोक प्लेटला पक्कं आणि त्याजवळ ती घासून इतकी पातळ केलेली की तीच स्प्रिंगचं काम करते. तिच्यावर माणकाचा एक खडा, त्याने चाकाचा एक दात अडवून धरलेला. टोकाशी सोन्याची नाजूक पाती. बॅलन्स झोका घेत येतो, त्याच्या दांडीवरचा खडा सोन्याच्या पातीला धक्का देतो, पट्टी वाकते, दात सुटतो, चाक उसळतं आणि दुसरा दात बॅलन्सला एक टपली मारतो. तेवढ्यात पट्टी जागेवर येऊन पुढचा दात अडवते. परतीच्या झोक्यात सोन्याची पाती एकटीच बाजूला वाकते, बाकी काही होत नाही. म्हणजे दोन झोक्यांत एकच टपली. सेकंदाचा काटा म्हणूनच अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या उड्या मारत जातो. उरलेला सगळा वेळ बॅलन्स मोकळा, कुणाचा हात त्याला लागत नाही.

ह्या डिटेंटचं श्रेय थॉमस अर्नशॉचं की जॉन अर्नल्डचं, ह्यावर दोन्ही पक्षांत इतकं भांडण झालं की शेवटी रेखांशाची बक्षिसं देणाऱ्या ब्रिटिश लाँजिट्यूड बोर्डाने १८०५ साली दोन्हीकडे बक्षीस वाटून विषय मिटवला. अर्नल्ड तोवर वारला होता, पैसे मुलाला मिळाले. टिकली ती अर्नशॉची धाटणी, आपल्या यंत्रातही तीच आहे.

आणि ह्या रचनेची सगळी मजा अशी की डिटेंटला तेल लागत नाही. तेल कालांतराने घट्ट होतं, थंडीत वेगळं आणि उन्हात वेगळं वागतं. ते टाळता यावं म्हणून तर हा खटाटोप. त्या गृहस्थाने नेमकं तिथेच तेल सोडलं! सोन्याची पाती पट्टीला चिकटून बसली आहे. पण दिगू, पट्टी तुटलेली नाही, वाकलेलीही नाही. भिंगाखाली कितीतरी वेळ बघत होतो. डिटेंट तुटला की तो हाताने नवा घडवावा लागतो आणि ते करू शकणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी. तेवढ्यावर आपण वाचलो.

चिंता आहे ती हेअरस्प्रिंगची, म्हणजे बॅलन्सला झोक्यातून परत खेचणाऱ्या बारीक स्प्रिंगची. मनगटी घड्याळात ती सपाट असते, इथे उभी, नळकांड्यासारखी गुंडाळलेली, निळ्या पोलादाची. वरून तिसऱ्या वेढ्यावर गंजाचा एक ठिपका आहे. साध्या पितळी बॅलन्सला पोलादी स्प्रिंग लावली तर तापमान एक अंश वाढलं की घड्याळ दिवसाला दहा-अकरा सेकंद मागे पडतं, कारण स्प्रिंग उष्णतेने नरमते. म्हणून बॅलन्सची कड आतून पोलाद, बाहेरून पितळ अशी एकजीव केलेली आणि दोन ठिकाणी कापलेली असते. उकाड्यात पितळ जास्त पसरतं, कडेची मोकळी टोकं आत वळतात, वजन मध्याकडे सरकतं आणि मागे पडणं भरून निघतं. हिशेब मात्र थंडीच्या आणि उन्हाच्या दोन टोकांनाच जुळतो, मधल्या हवेत दिवसाला एक-दोन सेकंदांची तफावत राहतेच. तीही घालवण्यासाठी आपल्या बॅलन्सवर आणखी एक छोटी जोडणी आहे. पुढे शार्ल गिय्योमने निकेलमिश्रित पोलाद शोधून हा प्रश्न जवळपास सोडवला, १९२०चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं ते ह्याच मिश्रधातूंच्या कामासाठी. आपलं यंत्र त्या आधीच्या घराण्यातलं. गंजाचा ठिपका मी हात न लावता सोडला आहे. खरवडला तर स्प्रिंगची जाडी बदलेल आणि ती कधीच एका चालीवर राहणार नाही.

काकूंनी पेटीबरोबर तुझ्या सासऱ्यांची वही दिली. सेकंड मेट, म्हणजे जहाजावरचे अधिकारी, म्हणून क्रोनोमीटर त्यांच्याच ताब्यात असायचे ना. रोज सकाळी चावी दिल्याची खूण, रेडिओच्या वेळेशी ताडून काढलेला फरक, आणि कालच्यापेक्षा किती बदलला ते. ओळीच्या ओळी: रोज सेकंद-सव्वा सेकंद पुढे. काटे त्यांनी कधी जुळवले नाहीत, आणि तेच बरोबर. घड्याळ चार मिनिटं पुढे असलं तरी चालतं, ते दररोज किती सरकतं हे माहीत हवं आणि ते सरकणं सारखं हवं. चार सेकंदांची चूक म्हणजे विषुववृत्तावर एक सागरी मैल. म्हणून तू फोनवर विचारलंस "बरोबर वेळ दाखवेल का", त्याचं उत्तर मी टाळलं होतं. क्रोनोमीटरला तो प्रश्न विचारायचाच नसतो.

डार्विन ज्यावर होता त्या बीगल जहाजावर असे २२ क्रोनोमीटर होते आणि त्यांची देखभाल करायला एक वेगळा माणूस. आपल्याकडेही ह्याची गरज ओळखून कंपनी सरकारने १८२६मध्ये कुलाब्याला वेधशाळा बांधली. ताऱ्यांवरून वेळ काढायची, ती जहाजांच्या उपयोगी पडावी म्हणून. बाळशास्त्री जांभेकर 'दर्पण'मुळे आपल्याला ठाऊक, पण ह्या वेधशाळेचा कारभारही त्यांनी पाहिला, आणि केरो लक्ष्मण छत्रे तिथे नोकरीला होते. शाळेत हे कुणी सांगितलं होतं का रे?

आता कामाचं. तू म्हणालास, दुरुस्त करून रॉटरडॅमला घेऊन जाऊ. ते होणार नाही. पेटीच्या पुढच्या बाजूला नंबर कोरलेली पांढरी चकती आहे, ती हस्तिदंताची आहे. हस्तिदंत देशाबाहेर न्यायला बंदी आहे. चकती काढून ठेवली तरी १९०३ची तारीख आडवी येते. शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते, आणि १९७२च्या कायद्याप्रमाणे ती खाजगी माणसाला बाहेर नेता येत नाही. सुटकेसमध्ये घालून बघूया वगैरे मनात आणू नकोस.

माझं म्हणणं असं. डिटेंट, एस्केप व्हील (ते पंधरा दातांचं चाक) आणि साखळी धुऊन घेऊ. त्यासाठी मी एका म्हाताऱ्या कारागिराशी बोललो आहे, पावसाळा उलटल्यावर तो हात घालेल. डायलवर चांदीचा मुलामा पुन्हा चढवायचा नाही. प्लेटांवर जी गोल ठिपक्यांची नक्षी आहे ती यंत्रावर केलेली मूळची आहे, घासली की गेली. काकूंना पितांबरीचा डबा लपवायला सांगितलाय. धुऊन झाल्यावर वर्षातून थोडेच दिवस चालवू, एरवी ताण उतरवून, बुचाच्या चकत्या लावून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत कपाटात. खर्च बराच येईल. अर्धा मी देतो, नाही म्हणू नकोस. त्यांनी मला पहिलं भिंग दिलं होतं.

एक अडचण आहे. मूळची चावी सापडत नाही. मुठीखाली एकाच बाजूने पकडणारी रचना असलेली, चुकीच्या दिशेने फिरवली तर नुसतीच कटकटणारी. माझी चावी साधी आहे, ती रोज वापरायला मी कुणाच्या हातात देणार नाही. काकू म्हणतात सुलूने लहानपणी ती खेळायला घेतली होती. सुलूला विचार आणि मला कळव.

तुझा,
नाना