युक्तिवाद बरोबर, निष्कर्ष अमान्य

प्रिय सुधीर,

युक्तिवादात चूक दाखवता येत नसताना तत्त्वज्ञ ‘हे मान्य नाही’ म्हणतात, ही पळवाट नाही का, असं तू विचारलंस. मला ती पळवाट वाटत नाही. वैध युक्तिवाद एवढंच सांगतो की सगळी गृहीतकं खरी आणि निष्कर्ष खोटा, असं होऊ शकत नाही. मग निष्कर्ष स्वीकारायचा की एखादं गृहीतक सोडायचं, हे तर्कशास्त्र ठरवून देत नाही.

ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांनी १९८४ साली मांडलेला पेच घे. १ कोटी अत्यंत सुखी माणसांचं जग आहे. त्यात आणखी १ कोटी माणसं घाल. सुख कमी, पण आयुष्य जगण्याजोगं. कुणाचं काही गेलं नाही, म्हणजे जग बिघडलं नाही. आता सगळ्यांचं सुख सारखं कर, सरासरी किंचित वाढवून. जग सुधारलंच. हेच पुन्हा पुन्हा करत गेलास की शेवटी जेमतेम जगण्याजोग्या आयुष्यांची अफाट गर्दी पहिल्या जगापेक्षा चांगली ठरते!

पहिली पायरी नाकारलीस, तर कुणालाही न दुखावणाऱ्या समाधानी माणसाच्या येण्यानं जग बिघडतं, असं म्हणावं लागेल. दुसरी नाकारलीस, तर समता आणि सुख दोन्ही वाढूनही काही सुधारलं नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ लॅरी टेम्किन तिसरीकडेच, पायऱ्या जोडण्याच्या नियमावर, बोट ठेवतात: ‘क’ हे ‘ख’पेक्षा आणि ‘ख’ हे ‘ग’पेक्षा चांगलं, म्हणून ‘क’ हे ‘ग’पेक्षा चांगलं असेलच असं नाही. ही किंमत मला सर्वांत जबर वाटते. मग पर्यायांची क्रमवारीच कोलमडते. स्वीडिश तत्त्वज्ञ तोर्ब्योर्न तेन्शो मात्र निष्कर्षच स्वीकारतात. त्यांच्या मते आपली नेहमीची आयुष्यंही जेमतेम जगण्याजोगीच असतात. २०२१ मध्ये तर २९ अभ्यासकांनी मिळून लिहिलं की हा निष्कर्ष टाळणं ही लोकसंख्येविषयीच्या नैतिक सिद्धांताची अनिवार्य अट मानू नये.

स्वतः तपासताना गृहीतकांना क्रमांक दे आणि प्रत्येकापुढे तुझी खात्री लिही. परस्परांवर अवलंबून नसलेली चार गृहीतकं, प्रत्येकी ९० टक्के खात्रीची असली, तरी चारही खरी असण्याची शक्यता सुमारे ६६ टक्केच उरते. निष्कर्ष खोटा असल्याची तुझी खात्री याहून पक्की असेल, तर नकार रास्त आहे. मात्र ती खात्री आली कुठून, हेही बघ. काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात, हे अ‍ॅरिस्टॉटललाही पटलं होतं.

पारफिट यांच्या साखळीत हा गुणाकार जपून कर. पायऱ्या कितीही असोत, तत्त्वं तीच ती फिरून येतात. त्यामुळे शंका पायरीगणिक वाढत नाही. तू कुठली पायरी सोडशील, आणि त्याबरोबर काय काय सोडावं लागेल, ते सविस्तर कळव.

तुझा,
अरविंद