विश्रामबागेतल्या झेरॉक्सवाल्या काकांना जाहीर थँक्यू

काका, नमस्कार. तुम्ही हे स्वतःहून वाचणार नाही हे मला माहितीये, मोबाईल तुम्ही फक्त फोन उचलायला आणि पाऊस कधी येणार ते बघायला वापरता, पण तुमच्या सूनबाई वाचतात आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्या तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवतील. तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, सुट्टे दे" म्हणून विषय संपवता, म्हणून हे असं सगळ्यांसमोर.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मी आणि माझ्या मैत्रिणीनं फॅन्टसी पुस्तकं आणि कॉमिक्सवर एक छोटा अंक काढलाय, मराठीत, झेरॉक्स करून, मध्ये पिना मारून. जे आवडतं त्यावर मनसोक्त बडबड, एवढंच. जादूगार आहेत, ड्रॅगन आहेत, चांदोबा आहे, आणि एक पान मैत्रिणीच्या कॅक्टसच्या कुंड्यांवर आहे कारण तिला ते पण हवंच होतं. घरी आणि कॉलेजात ज्याला सांगितलं त्यानं पहिला प्रश्न विचारला, "पण कशासाठी?" तुम्ही विचारलंत, "पानं किती?"

मी म्हटलं अठरा. तुम्ही म्हणालात, "चारानं भाग जातोय का? नाही ना. मग दोन काढ नाहीतर दोन घाल." एफोर कागद मधे दुमडला की त्याची चार पानं होतात हे कळायला तसं सोपंय, पण कुठलं पान कुठल्या पानाशेजारी येणार याचा गोंधळ मी घरी कॉम्प्युटरवर बसून सोडवत होते आणि तुम्ही काउंटरवरचे चार रद्दी कागद घेतलेत, दुमडलेत, एकात एक घातलेत, पेनानं एक ते सोळा आकडे टाकलेत आणि परत उघडून दाखवलंत. एका बाजूला सोळा आणि एक, तिच्या पाठीमागे दोन आणि पंधरा. "बेरीज सतरा आली पाहिजे. नाही आली तर चुकलं." बास. ती डमी अजून माझ्या टेबलावर आहे, दुसऱ्या अंकालाही तशीच केलीये. आणि खरं सांगू का, ती दोन पानं काढावी लागली ते फार बरं झालं, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टॉल्किनच्या नकाशांवरचा माझा लेख तिथंच निम्मा झाला आणि वाचण्यासारखा झाला.

मग चित्रं. मैत्रिणीनं अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन यांच्या 'अर्थसी' या फॅन्टसी पुस्तकांमधला गेड काढला होता, पेन्सिलनं, छान शेडिंग करून. १९६८ साली आलेलं पहिलं पुस्तक, आणि त्यातला हा जादूगार पोरगा तांबूस-सावळ्या रंगाचा आहे, लेखिकेनं तसं स्पष्ट लिहिलंय, तरी कित्येक वर्षं मुखपृष्ठांवर त्याला गोराच काढत राहिले, आणि २००४ मध्ये टीव्हीवर मालिका आली त्यातही हिरो गोराच, तेव्हा ले ग्विनबाईंनी जाहीरपणे नाराजी लिहून काढली. त्यामुळे आमचा गेड सावळाच पाहिजे यावर मैत्रीण अडून बसली होती. तुम्ही एक ट्रायल कॉपी काढलीत. नाकाडोळ्यांच्या जागी नुसता काळा डाग, आणि जिथं फिकी पेन्सिल होती तिथं पांढरं. तुम्ही तिला म्हणालात, "मशीनला राखाडी नीट कळत नाही, त्याला काळं आणि पांढरं कळतं. रेघा मार." काळ्या बारीक पेनानं तिरक्या रेघा, जिथं गडद हवं तिथं दाट, आणि आधीचं कच्चं काम फिक्या निळ्या पेन्सिलनं करायचं म्हणजे ते कॉपीत जवळजवळ येतच नाही. तिनं परत काढलं आणि गेड सावळा आला, डोळ्यांसकट. कुठल्या मोठ्या प्रकाशकाला जे जमलं नाही ते काकांच्या मशीननं केलं असं ती सगळ्यांना सांगत फिरते, हे जरा जास्तच होतंय, पण असू दे.

विक्रम-वेताळच्या पानासाठी मी जुन्या चांदोबातलं चित्रकार शंकर यांचं चित्र आणलं होतं, तेच ते, खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार. कॉपी तुम्ही काढून दिली असतीत, पण म्हणालात की दुसऱ्याचं चित्र कशाला छापता, ही पोरगी काढतीये की. मग तेच पान तुम्ही काचेखाली धरून तिला रेघा कशा मारल्यात ते दाखवत बसलात, बाहेर आधार कार्डवाल्यांची लाईन लागली होती. सॉरी, त्या सगळ्यांना पण.

एक गोष्ट तुम्हाला सांगितली होती ती इथं परत सांगते, कारण त्यावरचं तुमचं उत्तर मला फार आवडलेलं. १९३३ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला जेरी सीगल आणि जो शुस्टर ही दोन शाळकरी पोरं स्वतःचा सायन्स फिक्शनचा अंक काढायची, मिमिओग्राफवर, म्हणजे आपल्याकडचं सायक्लोस्टाईल, स्टेन्सिलच्या मेणकागदातून शाई उतरवून कॉपी काढायची जुनी पद्धत. त्यात त्यांनी सुपरमॅन नावाच्या माणसाची गोष्ट छापली, आणि तो टकला होता आणि व्हिलन होता! आपल्याला माहीत असलेला लाल केपवाला १९३८ मध्ये आला. मला वाटलं तुम्ही सुपरमॅनबद्दल काहीतरी म्हणाल. तुम्ही म्हणालात, "सायक्लोस्टाईलवर चित्र काढायचं म्हणजे स्टेन्सिल फाटतो गं. हात हलका पाहिजे पोराचा." आणि मग धंद्याच्या सुरुवातीच्या दिवसांचं निघालं, टाईपरायटरची रिबन बाजूला करून स्टेन्सिल कापायचा, चूक झाली की लाल द्रव लावून वाळेपर्यंत फुंकत बसायचं, बाह्यांना शाई, शाळांचे पेपर, सोसायटीच्या नोटिसा. आणि त्याच सुरात, काहीच विशेष नसल्यासारखं, मिरज स्टेशनच्या स्टॉलवरून आणलेले इंद्रजाल कॉमिक्स.

काका, हे आधी का नाही सांगितलंत? मी तुम्हाला फॅन्टम, म्हणजे इंद्रजालमधला तो मुखवटेवाला हिरो, मराठीत त्याचं नाव वेताळ (विक्रमाच्या खांद्यावरचा नव्हे), म्हणजे काय ते समजावत होते! तुम्ही १९६४ पासून निघालेल्या इंद्रजालच्या पिढीतले, तुम्हाला फॅन्टमचं डेंकालीचं जंगल, त्याची कवटीची गुहा, जादूगार मॅन्ड्रेकचा साथीदार लोथार सगळं पाठ. आणि वेताळापेक्षा तुमचा जीव बहादूरवर, आबिद सुरतींचा, १९७६ चा, चंबळच्या डाकूंशी लढणारा, भगवा कुर्ता आणि जीन्स. तसाच कुर्ता शिवून घेतला होता म्हणालात. फोटो असणार घरी, सूनबाई, बघा जरा कपाटात.

तुम्ही आम्हाला फुकट काही दिलं नाहीत, आणि याचंसुद्धा थँक्यू. दर थोडा कमी केलात, पण बिल केलंत, पाठपोट छपाई, कागद जाड घेतला त्याचे वेगळे, सगळं लिहून. कॉलेजच्या पोरींचं खूळ म्हणून सोडून दिलं असतंत तर आम्हीही तसंच समजलो असतो बहुतेक. बाइंडिंगवाल्यांचा लांब दांडीचा स्टेपलर मात्र तुम्ही स्वतः जाऊन मागून आणलात ते बिलात कुठंच नव्हतं.

दुसरा अंक वीस पानांचा आहे, म्हणजे बेरीज एकवीस, मी बघितलंय. एकोणिसावं पान मोकळं ठेवलंय. ते बहादूरचं आहे आणि ते तुम्ही लिहून देणार असं कबूल केलंयत, मैत्रीण साक्षीला होती. हातानं लिहिलंत तरी चालेल, टाईप मी करते. शनिवारी दुपारी येते, तेव्हा गर्दी नसते.